हंगामाआधीचं बेसबॉल: बातम्या आणि नवे खेळाडू कसे तोलायचे

फेब्रुवारीच्या मध्यावर पिचर (चेंडू फेकणारे) आणि कॅचर (बॅटरमागे तो झेलणारे) सराव शिबिरात हजर होतात, काही दिवसांनी बाकीचे खेळाडू येतात, आणि तिथून मार्चअखेरच्या सलामीच्या सामन्यांपर्यंत मेजर लीग बेसबॉलच्या ३० संघांबद्दल बातम्यांचा पाऊस पडतो. कुणी वजन उतरवलंय, कुणी नवा चेंडू शिकलाय, कुणाच्या कोपराला ‘थोडा ताण’ आहे, कुठल्या विशीतल्या पोराने दोन सामन्यांत तीन होम रन (थेट कुंपणापार गेलेले फटके) मारलेत. यातलं बरंचसं एप्रिल उजाडला की विरून जातं. थोडं मात्र अख्ख्या हंगामाचं गणित बदलतं.

ते थोडं वेगळं काढायचं तर प्रत्येक बातमीला एकच प्रश्न विचारायचा: यामुळे हा खेळाडू किती खेळणार हे बदलतंय, की किती चांगला खेळणार हे? शिबिराच्या सहा आठवड्यांत पहिल्या गोष्टीबद्दल भरपूर आणि बऱ्यापैकी खात्रीचं कळतं. दुसरीबद्दल फार कमी कळतं, आणि जे कळतं ते सहसा बॅटिंग सरासरीच्या तक्त्यात नसतं. बहुतेक चाहते नेमकं उलट करतात: सरासरी बघून खेळाडूचा दर्जा ठरवतात आणि रोस्टरच्या (संघाच्या अधिकृत खेळाडू यादीच्या) बारीक बातम्या वाचतच नाहीत.

आधी हिशेब मांडा

ज्या संघाबद्दल बोलायचं आहे त्याचा ताळेबंद शिबिर सुरू होण्याआधी कागदावर हवा. १६२ सामन्यांत एका संघाला साधारण ६,१०० प्लेट अपिअरन्स मिळतात. बॅटर प्लेटवर उभा राहिला की त्याची एक खेप धरा. बॅटिंगच्या नऊ जागांत वाटलं तर प्रत्येक जागेला ६८० च्या आसपास खेपा येतात, पण एकाच माणसाला ६८० देऊ नका. दीडशे सामने खेळणारा खेळाडूही ६०० ते ६५० वर थांबतो. उरलेल्या खेपा राखीव खेळाडूंच्या नावावर लिहा. बॅटिंगच्या क्रमात एक पायरी खाली उतरलं की हंगामाकाठी साधारण १८ खेपा कमी होतात. म्हणजे ‘दुसऱ्या क्रमांकावरून सातव्यावर’ ही बातमी जवळजवळ ९० खेपांची आहे.

पिचिंगच्या बाजूला साधारण १,४४० इनिंग (सामन्याला साधारण नऊ) भरायच्या असतात. पाच स्टार्टरना (सामना सुरू करणाऱ्या पिचरना) सरासरी १६० धरा (आजच्या काळात हाही उदार अंदाज आहे), म्हणजे ८०० झाल्या. आठ रिलीफ पिचरना (स्टार्टरनंतर येणाऱ्यांना) प्रत्येकी ६० दिल्या तर ४८०. तरीही १६० इनिंग उरतात, आणि त्या सहाव्या ते दहाव्या क्रमांकाच्या स्टार्टरना टाकाव्या लागतात. पाचच स्टार्टरवर हंगाम काढणारा संघ आता जवळजवळ दिसत नाही. म्हणून ‘पाचवा स्टार्टर कोण’ या वादापेक्षा ‘सातवा कोण’ हा प्रश्न जास्त मोलाचा आहे.

हा हिशेब नसेल तर चर्चेत एक चूक हमखास होते. नव्या पोराला ५५० खेपा, दुखापतीतून परतलेल्या अनुभवी खेळाडूला ६००, हिवाळ्यात करारबद्ध केलेल्याला ६००, आणि तिघांसाठी मैदानावर जागा दोनच. तिघांचीही भाकितं वेगवेगळी वाचली तर पटतात. एकत्र ठेवली की बेरीज जुळत नाही. नवं नाव आलं की कुणाच्या खेपा कापायच्या ते त्याच ओळीत लिहा.

रोस्टरचे नियम: इथेच खरी बातमी असते

सलामीला २६ जणांचा सक्रिय चमू असतो, त्यात जास्तीत जास्त १३ पिचर. त्याच्या मागे ४० जणांची यादी. २६ मध्ये यायचं तर आधी ४० मध्ये जागा हवी. शिबिरात ४० बाहेरचे बरेच खेळाडू निमंत्रित म्हणून येतात. अशा एखाद्याने मार्च गाजवला तर प्रश्न ‘तो चांगला आहे का’ एवढाच नसतो, ‘४० मधून कोण जाणार’ हाही असतो. जागा दोन मार्गांनी मोकळी होते: कुणाला तरी यादीतून काढून, किंवा जखमी खेळाडूला ६० दिवसांच्या जखमी यादीवर टाकून. १० दिवसांची (बॅटरसाठी) आणि १५ दिवसांची (पिचरसाठी) यादी २६ मधली जागा मोकळी करते, ४० मधली नाही. एखादा दीर्घ काळ जखमी असलेला पिचर अचानक ६० दिवसांच्या यादीवर गेला, तर त्या दिवशी आणखी कुणाचं तरी नाव ४० मध्ये आलेलं असणारच, ते शोधा.

दुसरी नजर ‘ऑप्शन’वर. ४० च्या यादीतल्या खेळाडूला सहसा तीन हंगामांत मायनर लीगमध्ये (संघाच्या खालच्या पातळीच्या चमूंत) पाठवता येतं. एका हंगामात एकूण २० दिवस तो खाली राहिला की त्या वर्षाचा ऑप्शन खर्ची पडतो, आणि २०२२ पासून एका हंगामात पाचपेक्षा जास्त वेळा खाली पाठवता येत नाही. ऑप्शन संपलेल्या खेळाडूला खाली पाठवायचं तर वेव्हरवर ठेवावं लागतं, तिथे दुसरा संघ त्याला उचलू शकतो. त्यामुळे शेवटच्या दोन-तीन जागांसाठी दोघांत चुरस असेल, एकाचे ऑप्शन संपलेले आणि दुसऱ्याचे शिल्लक, तर मार्चमधले आकडे काहीही असोत, पहिल्यालाच जागा मिळण्याची शक्यता बरीच जास्त. दोघांनाही हातात ठेवण्याचा संघाकडे तेवढा एकच मार्ग असतो. शिबिराच्या पहिल्याच दिवशी प्रत्येक संघातल्या ऑप्शन संपलेल्यांची यादी करा. एवढ्या एका यादीवरून शेवटच्या जागांचे बरेच अंदाज बरोबर येतात.

डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमधून (इतर संघांच्या ४० बाहेरच्या खेळाडूंमधून केलेल्या निवडीतून) उचललेला खेळाडू याहून अडचणीचा. त्याच्यासाठी १,००,००० डॉलर मोजलेले असतात आणि तो पूर्ण हंगाम मेजर लीग चमूत ठेवावा लागतो. नाही ठेवला तर वेव्हर पार करून मूळ संघाला परत देऊ करावा लागतो. जिंकायला निघालेला संघ अशा कच्च्या खेळाडूसाठी जागा अडवून ठेवायला नाखूश असतो, पुनर्बांधणीतला संघ ठेवू शकतो.

आणखी एक तारीख बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मेजर लीगमध्ये सहा वर्षांहून अधिक सेवा झालेले काही अनुभवी खेळाडू मायनर लीग करारावर शिबिरात येतात आणि त्यांना ठरलेल्या दिवशी करारातून बाहेर पडता येतं: सलामीच्या पाच दिवस आधी, १ मे आणि १ जून. म्हणून मार्चच्या शेवटच्या आठवड्यात एकाएकी हालचाल वाढते. त्या दिवसांत रिलीफ पिचर आणि राखीव कॅचरबद्दल आधी लिहिलेलं सगळं पुन्हा तपासा.

सेवेचे दिवस आणि ‘तो अजून तयार नाही’

एखाद्या गाजलेल्या प्रॉस्पेक्टला (होतकरू तरुण खेळाडूला) शेवटच्या आठवड्यात ट्रिपल-एला (मायनर लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीला) पाठवलं जातं आणि कारण दिलं जातं की बचावावर काम करायचं आहे. कधी ते खरंच असतं. पण आधी दिवस मोजा. मेजर लीगमधले १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक पूर्ण वर्ष, आणि हंगाम साधारण १८७ दिवसांचा. सहा वर्षं भरली की खेळाडू मुक्त होतो. सुरुवातीचे दोन-अडीच आठवडे तो खाली राहिला, तर संघाला त्याच्यावर जवळपास आणखी एक वर्ष हक्क मिळतो. क्रिस ब्रायंटने २०१५ च्या शिबिरात ९ होम रन मारले, तरी शिकागो कब्जने त्याला १७ एप्रिललाच वर आणलं. हंगामाअखेर त्याचे १७१ दिवस भरले, एक कमी. त्याने दाद मागितली, पण २०२० च्या सुरुवातीला निकाल त्याच्या विरुद्ध गेला.

संघमालक आणि खेळाडू संघटना यांच्या २०२२ च्या करारानंतर हे गणित दोन्ही बाजूंनी ओढलं जातं. बेसबॉल अमेरिका, एमएलबी पाइपलाइन आणि ईएसपीएन या तिघांपैकी किमान दोघांच्या प्रॉस्पेक्ट यादीत पहिल्या शंभरात असलेला, ६० दिवसांपेक्षा कमी सेवा असलेला नवोदित पूर्ण वर्ष वर राहिला आणि त्याने सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार जिंकला, किंवा पगारासाठी लवादाचा हक्क मिळण्याआधी एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) वा साय यंग (सर्वोत्तम पिचर) पुरस्काराच्या मतदानात पहिल्या तिघांत आला, तर संघाला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) एक जादा निवड मिळते. हुलिओ रॉड्रिगेझमुळे सिएटलला ती मिळाली, पुढच्या वर्षी कॉर्बिन कॅरोलमुळे ॲरिझोनाला आणि गनर हेंडरसनमुळे बाल्टिमोरला. उलट बाजूने, नवोदित पुरस्काराच्या मतदानात पहिल्या दोघांत आलेल्याला कितीही उशिरा आणलं तरी पूर्ण वर्षाची सेवा मिळते. पॉल स्कीन्स २०२४ मध्ये ११ मे रोजी पहिल्यांदा खेळला, नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एकाचा) सर्वोत्तम नवोदित ठरला आणि त्याचं वर्ष पूर्ण धरलं गेलं. तेव्हा पहिल्या शंभरातल्या नावाला थेट सलामीपासून धरायला आता पूर्वीपेक्षा जास्त आधार आहे. शंभराबाहेरच्या नावाला हा आधार नाही.

जागा रिकामी आहे का, हे मात्र या सगळ्याच्या आधी बघायचं. २०२४ मध्ये सॅन डिएगोने जॅक्सन मेरिलला ट्रिपल-एमध्ये एकही सामना न खेळवता थेट सेंटर फील्डमध्ये (आउटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या लांबच्या भागाच्या, मधोमध) उभं केलं, आणि तो मूळचा शॉर्टस्टॉप (इनफिल्डमधला, म्हणजे आतल्या भागातला, क्षेत्ररक्षक). पण आदल्या डिसेंबरमध्ये हुआन सोटो आणि ट्रेंट ग्रिशम हे दोन्ही आउटफिल्डर न्यूयॉर्क यँकीजकडे गेले होते. मेरिलला शिबिरात आउटफिल्डचा सराव देताहेत ही छोटी बातमी त्या रिकाम्या जागेशेजारी ठेवली की अर्थ लागत होता. त्याच वसंतात वॉशिंग्टनच्या जेम्स वुडने शिबिर गाजवलं, तरी तो ट्रिपल-एला गेला आणि १ जुलैला वर आला.

शिबिरातले आकडे: काय घ्यायचं, काय सोडायचं

नियमित बॅटरला शिबिरातल्या सामन्यांत ५० ते ६० खेपा मिळतात. समजा त्यातल्या ५० अधिकृत ॲट-बॅट (वॉक वगैरे वगळून उरलेल्या खेपा) झाल्या. १३ हिट (फटका मारून बेस गाठणं) म्हणजे .२६०, १७ हिट म्हणजे .३४०. फरक चार हिटचा, आणि त्यातले दोन इनफिल्डरच्या डोक्यावरून अलगद पडलेले असू शकतात. खरोखर .२६० च्या दर्जाचा बॅटर ५० ॲट-बॅटमध्ये निव्वळ योगायोगाने .२०० ते .३२० मध्ये कुठेही दिसतो, आणि तीनात एकदा त्याच्याही बाहेर. या आकड्यावरून मत बनवणं सोडून द्या, मग तो आकडा आवडत्या खेळाडूचा असला तरी.

शिवाय समोर कोण होतं? सहाव्या इनिंगनंतर मैदानावर सहसा दोन्हीकडे मायनर लीगचे खेळाडू असतात. पाहुणा संघ बरेच नियमित खेळाडू घरीच ठेवतो. बेसबॉल-रेफरन्स या आकडेवारीच्या संकेतस्थळावर शिबिराच्या आकड्यांसोबत प्रतिस्पर्ध्यांच्या दर्जाचा एक अंक दिलेला असतो. १० म्हणजे मेजर लीग, ८ च्या आसपास ट्रिपल-ए. ७ च्या खालच्या दर्जासमोर मारलेले चार होम रन वेगळे वाचायचे. जागेचाही परिणाम आहे. १५ संघ ॲरिझोनात सराव करतात, १५ फ्लोरिडात. ॲरिझोनाच्या कोरड्या, विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल (कर्व्हसारखा वळणारा चेंडू) कमी वळतो, म्हणून तिथल्या पिचरची कर्व्ह ‘बोथट’ दिसली तर लगेच घाबरायचं कारण नाही.

घ्यायच्या गोष्टी मोजक्या. पहिली, फास्टबॉलचा वेग. हा दोन-तीन सामन्यांतच स्थिरावतो. मेजर लीगमध्ये फोर-सीम फास्टबॉलची (सगळ्यात सरळ, वेगवान चेंडूची) सरासरी आता ताशी ९४ मैलांच्या (सुमारे १५१ किलोमीटर) आसपास आहे. वाचताना तुलना गेल्या सप्टेंबरशी करू नका, गेल्या मार्चशी करा. बहुतेक पिचरचा वेग उन्हाळा चढेल तसा वाढतो, त्यामुळे मार्चच्या पहिल्या आठवड्यात एक मैल कमी असणं नेहमीचं आहे. मार्च संपत आला तरी दोन मैल कमीच असेल तर खोटं समाधान मानू नका. आणि दीड-दोन मैल जास्त दिसला, तर आधी बघा की तो एकच इनिंग टाकत होता का. एका इनिंगला कुणीही जोर लावतो. चौथ्या इनिंगमध्ये वेग टिकला तर ती बातमी.

दुसरी, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद होणं) आणि वॉक (चार बॉलवर, म्हणजे स्ट्राइक क्षेत्राबाहेरच्या चेंडूंवर, फुकट मिळालेला पहिला बेस). स्ट्राइकआउटचं प्रमाण साधारण ६० खेपांत अर्थपूर्ण व्हायला लागतं, वॉकचं १२० च्या आसपास. गेल्या वर्षी २८ टक्के स्ट्राइकआउट होणारा बॅटर शिबिरात ५० खेपांत १५ टक्क्यांवर असेल तर त्याच्या .२२० सरासरीकडे दुर्लक्ष करून त्याचे सामने बघावेत. तिसरी, चेंडू किती जोरात मारला गेला. ताशी ९५ मैल आणि वर म्हणजे जोरदार फटका. इथे सरासरीपेक्षा सर्वाधिक वेग आधी सांगतो: ११२ मैलांचा एक फटका बॅटरच्या अंगात ताकद आहे हे सिद्ध करतो, तो योगायोगाने बसत नाही. बॅटचा वेगही २०२४ पासून जाहीर होतो. सरासरी ७१-७२ मैल, आणि ७५ च्या वरच्या स्विंगला वेगवान म्हणतात.

नवा चेंडू शिकल्याची बातमी दर वर्षी डझनांनी येते. त्यात बघायचं ते हे: चेंडू कुणाविरुद्ध वापरणार? उजव्या हाताच्या पिचरकडे आधीच चांगला स्लायडर (बाजूला वळणारा चेंडू) असेल आणि त्याने आता स्वीपर (त्याहून रुंद वळणारा) आणला, तर दोन्ही उजव्या बॅटरवरच चालतात. त्याचं दुखणं डावखुरे बॅटर असेल तर ते तसंच राहतं. त्यानेच स्प्लिटर (अचानक खाली पडणारा) किंवा चेंजअप (फसवा हळू चेंडू) आणला तर ती भोकाची डागडुजी आहे. चेंडूचं प्रमाण मात्र मार्चमध्ये मोजू नका. पिचर एखाद्या दिवशी नवा चेंडू घोटवण्यासाठी ३० टक्के वेळा टाकतो आणि एप्रिलमध्ये ८ टक्क्यांवर आणतो.

पिचरचं वेळापत्रक आणि दुखापतीची भाषा

स्टार्टर पहिल्या सामन्यात दोन इनिंग, ३० च्या आसपास चेंडू टाकतो. मग दर पाच-सहा दिवसांनी एक इनिंग किंवा १५ चेंडूंनी वाढवत नेतो: ४५, ६०, ७५, आणि शेवटच्या खेपेला ८५ ते ९०. म्हणजे पाच-सहा टप्पे, जवळजवळ महिनाभर. आता हिशेब सोपा होतो. १० मार्चला एखाद्याला दहा दिवस चेंडू टाकायला मनाई झाली, तर तो पुन्हा ३० पासून चढतो आणि सलामीला तयार नसतो, संघ काहीही म्हणो. त्याच्या नावासमोर लगेच दोन-तीन सामने, म्हणजे १० ते १५ इनिंग, कमी करा. उलट ठरलेल्या दिवशी तो सामन्याच्या पत्रकात नाही म्हणून धास्तावू नका; आपल्याच विभागातल्या प्रतिस्पर्ध्याला चेंडू दाखवायचे नसले की पिचर मागच्या मैदानावर मायनर लीगच्या पोरांना टाकतो. ‘मागच्या मैदानावर ६५ चेंडू’ ही बातमी सामन्यातल्या ६५ चेंडूंइतकीच चांगली.

उशिरा करार करणाऱ्यांनाही हाच नियम. ब्लेक स्नेल आणि जॉर्डन माँटगोमेरी, दोघांचेही करार २०२४ मध्ये मार्चचा दुसरा पंधरवडा उजाडल्यावर झाले. स्नेलच्या पहिल्या सहा सामन्यांतला इआरए (बचावाच्या चुका वगळून नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) ९.५१ होता, मधे दोनदा जखमी यादी. २ ऑगस्टला त्यानेच नो-हिटर (एकही हिट न देता पूर्ण सामना) टाकला. माँटगोमेरीचं वर्ष ६.२३ वर संपलं. दर्जावर शंका घ्यायची नाही, पहिल्या दोन महिन्यांवर घ्यायची.

दुखापतीच्या शब्दांना उतरंड असते. ‘अंग आखडलंय’, ‘दिवसागणिक बघू’ हे खालच्या पायरीचं. ‘फोरआर्म घट्ट वाटतोय’ ऐकायला किरकोळ आहे, पण पिचरच्या बाबतीत सगळ्यात जास्त दचकायचं ते याच शब्दांना, कारण कोपराच्या लिगामेंटवर ताण आला की दुखणं बऱ्याचदा फोरआर्ममध्ये जाणवतं. ‘एमआरआय केला’ त्याच्या वर, आणि ‘दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घेणार’ सगळ्यात वर. पहिलं मत चांगलं असेल तर दुसरं सहसा कुणी मागत नाही. टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराच्या लिगामेंटची) म्हणजे १२ ते १८ महिने. तरी शेवटपर्यंत टक्केवारीच लिहा, निकाल नको. गेरिट कोलच्या कोपराची मार्च २०२४ मध्ये तपासणी झाली, शस्त्रक्रिया लागली नाही आणि तो १९ जूनला परतला. मार्च २०२५ मध्ये पुन्हा तेच कोपर, आणि या वेळी टॉमी जॉन, पूर्ण हंगाम गेला. दोन्ही बातम्यांचे पहिले मथळे जवळजवळ सारखे होते.

बॅटरमध्ये दोन जागा ध्यानात ठेवा. हातातलं हॅमेट हाड मोडलं तर परत येणं चार ते आठ आठवड्यांत होतं, पण ताकद परतायला त्याहून वेळ लागू शकतो, म्हणून खेपांसोबत होम रनही कमी धरा. बरगडीखालच्या ऑब्लिक स्नायूची दुखापत ‘सौम्य’ म्हटली तरी तीन-चार आठवडे घेते आणि घाई केली की उलटते.

प्रॉस्पेक्ट

जानेवारी-फेब्रुवारीत सगळ्या मोठ्या याद्या येतात. क्रमांकावर भांडू नका. २५ व्या आणि ६० व्या नावातला फरक अनेकदा लिहिणाऱ्याच्या पसंतीचा असतो. त्याऐवजी अहवालातले अंक वाचा. स्काउटांची पट्टी २० ते ८० ची: ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी, आणि प्रत्येक १० म्हणजे एक प्रमाण विचलन. बॅटरचे पाच गुण: चेंडूला बॅट लागणं, ताकद, धाव, थ्रोचा हात, बचाव. यातला पहिला सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात अनिश्चितपणे कळतो, आणि बाकीचे त्याच्यावरच उभे असतात. ७० ची ताकद आणि ३५ चं ‘बॅट लागणं’ असा खेळाडू शिबिरात डोळे दिपवतो. मेजर लीगचे पिचर त्याला दोन आठवड्यांत ओळखतात.

वय आणि पातळी एकत्र वाचायची. डबल-एमध्ये २० वर्षांच्या पोराचे साधारण आकडे हे तिथल्याच २५ वर्षांच्या खेळाडूच्या चमकदार आकड्यांपेक्षा चांगली खूण आहेत. सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए या शिडीत सगळ्यात अवघड पायरी हाय-ए ते डबल-ए मानली जाते, कारण तिथे पहिल्यांदा असे पिचर भेटतात जे मागे पडल्यावरही (स्ट्राइकपेक्षा बॉल जास्त झाल्यावरही) ब्रेकिंग बॉल स्ट्राइकमध्ये टाकतात. डबल-एमध्ये ३० टक्क्यांच्या वर स्ट्राइकआउट असतील तर होम रन कितीही असोत, जपून. ट्रिपल-एच्या पॅसिफिक कोस्ट लीगमध्ये अल्बुकर्की, रीनो अशी उंचावरची मैदानं आहेत; तिथले होम रन थोडे कापूनच घ्यायचे, आणि तिथल्या पिचरचा ५ चा इआरए थोडा माफ करायचा.

नवोदित कोण, याचा नियम पाठ हवा: मेजर लीगमध्ये १३० ॲट-बॅट, ५० इनिंग किंवा सक्रिय चमूत ४५ दिवस ओलांडले की पात्रता संपते. माइक ट्राउट २०११ मध्ये ४० सामन्यांत .२२० वर अडखळला, पण ॲट-बॅट होत्या १२३, म्हणून २०१२ चा सर्वोत्तम नवोदित तोच ठरू शकला. जॅक्सन हॉलिडे, २०२२ च्या ड्राफ्टमधली पहिली निवड, एप्रिल २०२४ मध्ये आला, ३४ ॲट-बॅटमध्ये २ हिट घेऊन खाली गेला आणि जुलैअखेर परतला. अँथनी व्होल्पीने २०२३ मध्ये शिबिरातून यँकीजची शॉर्टस्टॉपची जागा जिंकली. वर्षअखेर २१ होम रन, गोल्ड ग्लव्ह (सर्वोत्तम बचावाचा पुरस्कार) आणि सरासरी .२०९. पहिल्या वर्षी अडखळणं हाच नेहमीचा मार्ग आहे, आणि कुणाच्याही पहिल्या सहा आठवड्यांवरून ‘फसला’ म्हणणं हा त्या पोरावर अन्याय आहे.

भाकीत स्वतः करून बघा

झिप्स, स्टीमर, पेकोटा ही तयार भाकितं वापरा, पण एकदा हाताने केलं की त्यांची चाल कळते. बेसबॉलचा आकडेतज्ज्ञ टॉम टँगो याची मार्सेल पद्धत सगळ्यात सोपी. बॅटरच्या गेल्या तीन हंगामांना ५, ४, ३ असं वजन द्या आणि १,२०० खेपा लीगच्या सरासरीच्या मिसळा. समजा होम रन ३०, २०, १० (सगळ्यात अलीकडचा हंगाम आधी) आणि खेपा ६००, ५००, ४००. वजन दिल्यावर होम रन १५० + ८० + ३० = २६०, खेपा ३,००० + २,००० + १,२०० = ६,२००. लीगचं प्रमाण ३ टक्के धरलं तर १,२०० खेपांचे ३६. एकूण ७,४०० खेपांत २९६, म्हणजे ४ टक्के. पुढच्या वर्षीच्या खेपा: गेल्या वर्षीच्या निम्म्या, त्याआधीच्या वर्षीचा दहावा भाग, अधिक २००, म्हणजे ५५०. उत्तर २२ होम रन. वय २९ पेक्षा कमी असेल तर थोडं वर, जास्त असेल तर थोडं खाली. ३० मारणाऱ्याला २२ देताना हात थरथरतो, पण बहुतेक वेळा हेच जवळ येतं. आणि इथे पुन्हा आपला पहिला प्रश्न: शिबिरातल्या बातमीने ५५० बदलायचे आहेत की ४ टक्के? ५५० चे ६२० करायला एक रिकामी जागा पुरते. ४ चे ५ करायला फार भक्कम पुरावा लागतो.

संघासाठी गेल्या वर्षीचे विजय घेऊ नका, धावा घ्या. काढलेल्या धावांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज, गुणिले १६२. सॅन डिएगोने २०२३ मध्ये ७५२ धावा काढल्या, ६४८ दिल्या. सूत्र ९३ विजय सांगतं, मिळाले ८२, कारण एका धावेच्या फरकाच्या सामन्यांत ते ९-२३ (विजय-पराभव) होते. पुढच्या वर्षी जिंकले ९३. मायामीने त्याच २०२३ मध्ये ६६६ काढून ७२३ दिल्या. सूत्र ७४, प्रत्यक्षात ८४, एका धावेचे सामने ३३-१४. पुढच्या वर्षी ६२, त्यात पिचरच्या दुखापतींचाही वाटा होता. आकडे नेहमी इतके नेमके बसत नाहीत. निव्वळ नाणेफेकीच्या हिशेबानेसुद्धा १६२ सामन्यांत सहा विजयांचा इकडेतिकडे फरक पडतो, तेव्हा ८६ आणि ८९ च्या भाकितांत फरक मानू नका.

२०२६ पासून एक नवी गोष्ट धरावी लागते: स्ट्राइक-बॉलच्या निर्णयाला यंत्राकडे आव्हान. प्रत्येक संघाला दोन आव्हानं, बरोबर ठरलं तर शिल्लक राहतं, आणि ते फक्त बॅटर, पिचर किंवा कॅचरच मागू शकतो. कडेचा चेंडू अलगद आत ओढून स्ट्राइक मिळवणाऱ्या कॅचरचं मोल थोडं घटतं. पण सामन्यात दोनच आव्हानं असल्याने ते शून्यावर येत नाही.

शेवटी चर्चेत उतरण्याआधी प्रत्येक मत टक्केवारीत आणि तारखेसह लिहा: ‘सलामीच्या चमूत असेल, ७० टक्के, कारण दुसऱ्याला ऑप्शन आहे, तो जखमी झाला नाही तर मत बदलणार नाही.’ निकाल लागला की फरकाचा वर्ग काढा. ७० टक्के म्हटलं आणि तसं झालं तर ०.०९, नाही झालं तर ०.४९. सगळ्या भाकितांची सरासरी ०.२५ पेक्षा वर गेली तर सरसकट ५० टक्के लिहिलं असतं तरी बरं झालं असतं. सेवेच्या दिवसांबद्दलची मतं एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात तपासा, बॅटरचे स्ट्राइकआउट त्याच सुमारास, कारण तोवर ६० खेपा भरलेल्या असतात. पिचरचा वेग मेच्या पहिल्या आठवड्यात. बॅटिंग सरासरीच्या रकान्याला जुलैपर्यंत हात लावू नका.